दूरच्या धातूची नदी

१७९५ साली लंडनमध्ये सॅम्युअल हर्न या माणसाचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. हर्न तीन वर्षांपूर्वी, १७९२ मध्येच वारला होता आणि त्याने वर्णन केलेला प्रवास तर त्याहूनही वीस वर्षे जुना होता. पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो एका टीकाकाराला उत्तर देताना दिसतो. वादाचा मुद्दा एकच: उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरची एक नदी समुद्राला नेमकी कुठे मिळते?

हा टीकाकार आपल्याला अगदीच परका नाही. अलेक्झांडर डॅलरिंपल हा ईस्ट इंडिया कंपनीचा नकाशातज्ज्ञ. उमेदीची वर्षे त्याने मद्रासेत कंपनीच्या नोकरीत काढली. १७७९ पासून कंपनीच्या जहाजांसाठी समुद्राचे नकाशे तयार करण्याचे काम त्याच्याकडे आले. मुंबईच्या आरमारातल्या जॉन मॅक्लुअरने केलेली आपल्या पश्चिम किनाऱ्याची मोजणीही त्यानेच छापली. म्हणजे आपल्या किनाऱ्याचे नकाशे ज्याच्या हाताखालून गेले, त्याच माणसाने त्या गोठलेल्या मुलखातल्या नदीचा हिशेब तपासला आणि तो जुळत नाही असे सांगितले.

डॅलरिंपलची शंका रास्त होती. हर्नने नदीचे मुख ७१ अंश ५४ मिनिटे उत्तर अक्षांशावर दाखवले होते. प्रत्यक्षात ते साधारण ६७ अंश ४९ मिनिटांवर आहे. चार अंशांहून थोडी जास्त चूक, म्हणजे सुमारे साडेचारशे किलोमीटर. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर एखाद्याने मुंबई म्हणून कारवारवर बोट ठेवावे, इतकी.

ही नदी म्हणजे आजच्या कॅनडातली कॉपरमाइन. गेली काही वर्षे मी जुन्या प्रवासवर्णनांतून आणि नकाशांतून तिचा माग काढतो आहे. सुरुवातीला मलाही हर्नची चूक हाच या गोष्टीचा गाभा वाटत होता. वाचत गेलो तसे लक्षात आले की ही चूक त्यातल्या त्यात किरकोळ होती. पन्नास वर्षांनी दुसऱ्या एका प्रवाशाने ती दुरुस्त केली, आणि नदीचा अचूक पत्ता हातात असूनही त्याची निम्म्याहून अधिक माणसे मेली. कारण नकाशा नदी कुठे आहे ते सांगतो. या मुलखात जगायचे तर ती केव्हा काय करते ते माहीत असावे लागते. ते ज्यांना माहीत होते, त्यांची नावे नकाशावर फारशी आली नाहीत.

नदीची वाट

कॉपरमाइन नदी सुमारे ८४५ किलोमीटर लांब आहे. यलोनाइफ शहराच्या ईशान्येला साधारण तीनशे किलोमीटरवर लाक द ग्रा नावाचा मोठा तलाव आहे, तिथे तिचा उगम. या फ्रेंच नावाचा अर्थ चरबीचा तलाव. त्लिचो लोक त्याला एकाती म्हणतात आणि त्याचाही अर्थ तोच. तिथल्या खडकांमधल्या पांढऱ्या गारगोटीच्या शिरा कॅरिबूच्या चरबीसारख्या दिसतात, म्हणून हे नाव. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतले रानटी रेनडिअर. ज्यांच्या जेवणात, दिव्यात आणि कपड्यांत हा प्राणी होता, त्यांना खडकातही त्याचीच चरबी दिसावी, यात नवल नाही.

उगमापाशी झाडे नाहीत. हा बॅरन लँड्स म्हणून ओळखला जाणारा उघडा प्रदेश आहे. खडक, दगडफूल, खुजी झुडपे आणि मोजता येणार नाहीत इतकी तळी. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी ही जमीन खरवडून काढली आणि जागोजाग खळगे ठेवले. त्यामुळे आपण नदी म्हणतो तशी ती सलग वाहत नाही. एका तलावातून निघते, थोडी धावते आणि दुसऱ्या तलावात पसरते. पॉइंट लेक, रेडरॉक लेक अशी तलावांची माळ ओवत ती आधी पश्चिमेकडे जाते आणि मग उत्तरेला वळते.

वळल्यावर तिचा स्वभाव बदलतो. खोरे अरुंद होते, पाणी खडकांतून खळाळत जाते. आजूबाजूच्या पठारावर एक झाड नसताना खोऱ्याच्या आडोशाने स्प्रूसची झाडे उत्तरेकडे बरीच दूरपर्यंत पोचतात. या मुलखात सरपण म्हणजे जीव. त्यामुळे ही हिरवी पट्टी उघड्या प्रदेशातून समुद्राकडे जाणारी वाटच ठरली. पुढे तांब्याचे डोंगर लागतात. मुखाच्या अलीकडे पंधराएक किलोमीटरवर एक मोठा खळाळ आहे आणि मग कॉरोनेशन आखात, म्हणजे आर्क्टिक महासागराचा भाग. मुखावरच्या गावाचे नाव कुग्लुक्तुक. इनुइट भाषेत त्याचा अर्थ वाहत्या पाण्याची जागा. गावाची वस्ती चौदाशेच्या आसपास आहे.

वर्षातले सात-आठ महिने ही सगळी रचना बर्फाखाली असते. जूनमध्ये बर्फ फुटतो आणि महिनोन्‌महिने साठलेले पाणी थोड्या आठवड्यांत धावत सुटते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा सगळे गोठू लागते. उन्हाळ्यात जे तळे आडवे येते, तोच हिवाळ्यात सपाट रस्ता होतो. आपल्याकडे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात नदीची दोन रूपे दिसतात, पण इथे जमीन आणि पाणी यांचीच अदलाबदल होते. पुढचे सगळे प्रसंग समजून घ्यायला ही एक गोष्ट लक्षात ठेवणे पुरेसे आहे.

तांब्याचा वास

इंग्लंडच्या हडसन्स बे कंपनीला १६७० मध्ये सनद मिळाली. आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनी जे करत होती, तेच ही कंपनी तिकडे फरच्या व्यापारासाठी करत होती. किनाऱ्यावर कोठी बांधायची आणि मुलखातल्या लोकांनी माल घेऊन येण्याची वाट पाहायची. अशा कोठ्यांवर येणाऱ्या डेने लोकांकडे तांब्याच्या सुऱ्या आणि टोचे दिसत. हे तांबे वितळवून काढलेले नव्हते. खडकात शुद्ध स्वरूपात सापडणारा धातू ठोकून ठोकून घडवलेला असे.

हे तांबे तिथे आले कसे, हे आज भूगर्भशास्त्र सांगते. सुमारे १२७ कोटी वर्षांपूर्वी या भागात लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळासारखाच हा बेसाल्ट आहे, मात्र दख्खनच्या बेसाल्टचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. त्या प्राचीन थरांच्या भेगांत आणि पोकळ्यांत तांबे साचले. पुढे बर्फाने खडक फोडले आणि तुकडे उघड्यावर आले.

कंपनीला मात्र वाटले, की तिथे तांब्याचा डोंगर असणार. कोठीचा प्रमुख जेम्स नाइट याने म्हातारपणी, १७१९ मध्ये, दोन जहाजे घेऊन उत्तरेकडे कूच केले. त्यातले कोणीही परतले नाही. पुढे अर्धशतक ही ओढ दबून राहिली. मग १७६०च्या दशकाच्या अखेरीस मातोनाबी आणि इडोटलियाझी या दोन डेने पुरुषांनी चर्चिल नदीच्या मुखावरच्या प्रिन्स ऑफ वेल्स किल्ल्यावर तांब्याचे तुकडे आणि त्या मुलखाचा नकाशा आणला. हा नकाशा गोऱ्यांनी काढलेला नव्हता, हे इथे नोंदवून ठेवू. त्यांच्या भाषेत या नदीचे नाव हर्नने नीथा-सान-सान-डेझी असे ऐकून लिहिले आहे. दूरच्या धातूची नदी.

या धातूविषयी डेने लोकांत एक कथा होती, ती हर्ननेच नोंदवली आहे. तांब्याची जागा पहिल्यांदा एका स्त्रीला सापडली. ती वर्षानुवर्षे माणसांना वाट दाखवत तिथे नेई. एकदा पुरुषांनी तिच्यावर अत्याचार केला. ती तिथेच बसून राहिली आणि म्हणाली, मी तांब्यासकट जमिनीत जाईन. पुढच्या वर्षी लोक आले तेव्हा ती कमरेपर्यंत जमिनीत गेली होती आणि तांबे कमी झाले होते. त्यापुढच्या वर्षी ती दिसेनाशी झाली आणि वरचे सगळे चांगले तांबेही तिच्याबरोबर गेले.

सीतेची कथा ऐकत वाढलेल्या वाचकाला या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

अठरा महिने, तेवीस दिवस

किल्ल्याचा प्रमुख मोझेस नॉर्टन याने हर्नला पाठवायचे ठरवले. चोविशीतला हर्न लहानपणीच आरमारात गेलेला, खलाशीकामात तयार, पायी चालण्यात दणकट. पहिला प्रयत्न नोव्हेंबर १७६९ मध्ये झाला. वाटाड्यांनी त्याला अर्ध्यावर सोडले आणि महिन्याभरात तो परत आला. दुसरी फेरी फेब्रुवारी १७७० मध्ये सुरू झाली. ऑगस्टमध्ये वाऱ्याने त्याचा क्वाड्रंट, म्हणजे सूर्याची उंची मोजण्याचे उपकरण, पाडून फोडला. पुढे सामानही लुटले गेले. थंडीत अर्धवट कपड्यांनिशी परतत असताना त्याची गाठ मातोनाबीशी पडली.

मातोनाबीने त्याला कपडे दिले, जेवू घातले आणि दोन्ही मोहिमा का फसल्या तेही सांगितले. तुमच्याबरोबर बायका नव्हत्या, हे त्याने सांगितलेले मुख्य कारण. बायका ओझे वाहतात, तंबू उभारतात, कातडी कमावतात, कपडे आणि बर्फात चालायची पादत्राणे शिवतात. पुरुष शिकारीमागे गेले की उरलेला सगळा संसार त्यांच्या पाठीवर असतो. मातोनाबीच्या बोलण्यात बायकांविषयी कणव नाही, उलट एक निर्दय हिशेब आहे. पण हिशेब म्हणून तो बरोबर होता. त्या लांबलचक प्रवासाचे श्रेय वाटायचे ठरले तर त्यातला मोठा वाटा या स्त्रियांकडे जातो. पुस्तकात त्यांची नावे बहुतेक आलेली नाहीत.

तिसरी फेरी ७ डिसेंबर १७७० ला निघाली आणि ३० जून १७७२ ला संपली. अठरा महिने, तेवीस दिवस. १७७१च्या सुरुवातीला महादजी शिंद्यांच्या फौजा दिल्लीत शिरल्या. त्याच महिन्यांत हा माणूस मातोनाबीच्या कुटुंबकबिल्याबरोबर बर्फातून चालत होता. वाट सरळ नव्हती. कॅरिबूंचे कळप जिथे असतील तिकडे जायचे, झाडे जिथे संपतात तिथे थांबून पुढच्या तंबूंसाठी काठ्या तोडून घ्यायच्या, नदी ओलांडण्यासाठी होडी बांधायची. हर्न हा या काफिल्यातला एक पाहुणा होता. मोहिमेचा वेग, दिशा आणि वेळ मातोनाबी ठरवत होता.

जुलै १७७१ च्या मध्याला ते नदीवर पोचले. फुटलेल्या उपकरणाऐवजी हर्नकडे किल्ल्यात तीस वर्षे पडून असलेला जुनाट क्वाड्रंट होता. मुखापाशी धुके आणि रिमझिम असल्याने त्याने तिथे सूर्य मोजलाच नाही. आधीचे निरीक्षण आणि चाललेले अंतर यांवरून अक्षांश ठरवला. वळणावळणाची वाट आणि जुने उपकरण या दोहोंनी त्याला उत्तरेकडे ढकलले.

त्याची साक्षही त्याच्याविरुद्ध जाते. तिथे मध्यरात्री सूर्य क्षितिजाच्या बराच वर होता, असे तो सांगतो. हिशेब मांडून पाहा. १७ जुलैच्या सुमारास त्याने सांगितलेल्या अक्षांशावर सूर्य मध्यरात्री क्षितिजाच्या सुमारे तीन अंश वर, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या सहापट उंचीवर दिसायला हवा. खऱ्या अक्षांशावर मात्र तो त्या दिवसांत क्षितिजाला जेमतेम घासतो. म्हणजे एक तर त्याची आठवण वाहवत गेली, किंवा वीस वर्षांनी लिहिताना त्याने सूर्याला आपल्या आकड्याच्या बाजूने उभे केले.

तरीही या चालण्याने एक मोठा प्रश्न निकालात काढला. हडसनच्या उपसागरापासून पश्चिमेकडे जहाज जाईल अशी सामुद्रधुनी असावी, अशी आशा युरोपात होती. हर्न दीड वर्ष त्या प्रदेशातून चालला आणि आडवी खाडी कुठे लागली नाही. उत्तर अमेरिकेतून जमिनीच्या वाटेने आर्क्टिक समुद्राला पोचलेला तो पहिला युरोपीय. तांब्याच्या खाणीवर मात्र सगळ्यांनी मिळून चारेक तास शोधले आणि हाती लागला सुमारे चार पौंडांचा एक तुकडा.

एक रात्र आणि एक नाव

नदीवर पोचण्याच्या वाटेवर हर्नच्या सोबत्यांचा हेतू उघड झाला होता. इतर डेने पुरुष त्यांना येऊन मिळाले, बायकामुले मागे ठेवली गेली, ढाली तयार झाल्या. डेने आणि इनुइट यांच्यात जुने वैर होते. १७ जुलै १७७१ च्या मध्यरात्रीनंतर त्यांनी खळाळापाशी झोपलेल्या इनुइट वस्तीवर हल्ला केला. वीसहून अधिक माणसे, बायकामुलांसह, मारली गेली. हर्नने थांबवायचा प्रयत्न केला, पण त्याचे कोणी ऐकले नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

हे वर्णन युरोपात फार वाचले गेले. त्यातला एका तरुण मुलीच्या मृत्यूचा प्रसंग विशेष गाजला. पण कॅनडातले अभ्यासक इयन मॅक्लारेन यांनी हर्नच्या टिपणांच्या प्रती आणि छापील पुस्तक शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दिसले की मधल्या वर्षांत हा प्रसंग फुगत गेला होता. त्या काळच्या वाचकाला भावेल असा करुण आणि भयानक रंग त्यावर चढला होता. तो कोणी चढवला, हर्नने की संपादकाने, यावर वाद आहे. हत्याकांड झालेच नाही, असे मात्र यातून सिद्ध होत नाही. पन्नास वर्षांनी तिथे आलेल्या इंग्रज तुकडीला माणसांची हाडे आणि मार लागलेल्या कवट्या दिसल्या होत्या.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढचे. या जागेला इंग्रजी नकाशांवर रक्ताचा धबधबा अशा अर्थाचे नाव पडले आणि तेच चिकटले. उत्खननात दिसते की तीन हजार वर्षांहून अधिक काळ माणसे या खळाळावर येत आली आहेत. कशासाठी? उन्हाळ्यात समुद्रातून नदीत चढणाऱ्या चार माशासाठी. पाणी खडकांत अडते, मासे दाटीने जमतात आणि भाल्याने पकडता येतात. तीन हजार उन्हाळे ही मासे पकडायची जागा होती. एका परक्याने पाहिलेल्या एका रात्रीने तिचे नाव ठरवले.

अचूक पत्ता, चुकलेला ऋतू

१८१९ मध्ये ब्रिटिश आरमाराने जॉन फ्रँकलिनला पाठवले. काम ठरलेले होते. कॉपरमाइनने समुद्रापर्यंत जायचे आणि तिथून पूर्वेकडच्या किनाऱ्याचा नकाशा काढायचा. बरोबर जॉन रिचर्डसन, जॉर्ज बॅक, रॉबर्ट हूड हे अधिकारी, उत्तम उपकरणे आणि होड्या वल्हवणारे हमाल-नावाडी होते. शिकार करून या सगळ्यांना जगवण्याची जबाबदारी यलोनाइफ डेने लोकांचा प्रमुख अकाइचो याने घेतली होती. तांब्याच्या सुऱ्यांवरूनच या लोकांना हे नाव पडले होते आणि आजच्या यलोनाइफ शहराचे नावही तिथूनच आले.

ऑगस्ट १८२० मध्ये फ्रँकलिनला लगेच नदी उतरायची होती. अकाइचोने नकार दिला. हिवाळा तोंडावर आहे, पुढे दिवसचे दिवस सरपण मिळणार नाही, गेलात तर मराल, असे त्याने सांगितले. फ्रँकलिनने हट्ट धरला तेव्हा तो म्हणाला, की मी माझी काही तरुण माणसे बरोबर देईन, म्हणजे तुम्हाला इथवर आणून एकटे मरू दिले असे कोणी म्हणणार नाही. फ्रँकलिन थांबला. त्या वर्षी त्याचे प्राण वाचले ते यामुळे.

पुढच्या जुलैत ते नदीमुखाशी पोचले आणि अक्षांश नीट मोजला गेला. हर्नची चूक अधिकृतपणे दुरुस्त झाली. मग दोन सालीच्या होड्या घेऊन तुकडी पूर्वेकडे किनाऱ्याने निघाली आणि नकाशा लांबवण्याच्या नादात ऑगस्टचा उत्तरार्ध उजाडेपर्यंत मागे वळली नाही. परतीला समुद्र खवळला, होड्या मोडकळीस आल्या. शेवटी त्यांनी उघड्या प्रदेशातून पायी तळाकडे यायचे ठरवले. कॅरिबू तोवर दक्षिणेला झाडीकडे निघून गेले होते. खडकावरचे दगडफूल आणि जुन्या जोड्यांचे कातडे हे त्यांचे अन्न झाले.

२६ सप्टेंबर १८२१ ला ते पुन्हा कॉपरमाइनवर पोचले. नदी शे-सव्वाशे मीटर रुंद, पाणी गोठण्याच्या बेतात आणि होडी एकही नाही. त्या वाटेतच गमावल्या होत्या. फांद्यांचा तराफा तरंगेना. रिचर्डसन कमरेला दोर बांधून पोहत निघाला आणि हातपाय बधिर होऊन बुडता बुडता ओढून काढावा लागला. अखेर दुभाष्या पिएर सेंट जर्मेन याने विलोच्या काटक्या आणि सामान गुंडाळायचे मेणकापड यांची एका माणसापुरती होडी केली आणि ४ ऑक्टोबरला सगळे एकेक करून पलीकडे गेले. त्या सव्वाशे मीटरांनी आठ दिवस खाल्ले.

पुढचे वर्णन थोडक्यात करतो. तळावर अन्न नव्हते. वीसपैकी अकरा माणसे मेली. त्यात हूड होता, पण बहुतेक जण ओझी वाहणारे नावाडी होते. ७ नोव्हेंबरला अकाइचोची माणसे मांस घेऊन पोचली. त्यांनी उरलेल्यांना हाताने भरवले, आग पेटवली आणि चालते केले.

फ्रँकलिन इंग्लंडात परतला तो वीर म्हणून. त्याच्या नकाशात नदीचे मुख मिनिटापर्यंत बरोबर आहे. कॅरिबू कोणत्या आठवड्यात कुठून निघून जातात हे अकाइचोला ठाऊक होते. ते नोंदवायला त्या नकाशात जागा नव्हती.

तळ्याखालचे हिरे

पुढे दीडशेहून अधिक वर्षे बाहेरच्या जगाने या नदीच्या उगमाकडे फारसे पाहिले नाही. तांब्याची मोठी खाण कधीच निघाली नाही. मग १९९१ मध्ये चार्ल्स फिप्की आणि स्टुअर्ट ब्लसन या दोघा शोधकांना लाक द ग्रा परिसरात हिरे असलेला किंबरलाइट खडक सापडला. त्यांची रीत वेगळी होती. हिमयुगातल्या बर्फाने किंबरलाइट खरवडून त्यातले गार्नेटसारखे खनिजकण शेकडो किलोमीटर पश्चिमेकडे वाहून नेले होते. हे दोघे पश्चिमेकडून वाळूचे नमुने चाळत, बर्फाच्या उलट दिशेने उगमाकडे सरकत राहिले.

१९९८ मध्ये कॅनडातली पहिली हिऱ्यांची खाण सुरू झाली. तिचे नाव एकाती, तोच चरबीचा तलाव. २००३ मध्ये डायविक सुरू झाली. तिचे हिरे तलावाच्या तळाखाली होते, म्हणून तलावात बांध घालून आतले पाणी उपसले गेले. वर्षभराचे जड सामान हिवाळ्यातल्या सुमारे दोन महिन्यांत गोठलेल्या तळ्यांवरच्या रस्त्याने आणतात. मातोनाबीच्या काळापासून चालत आलेले शहाणपण, की इथे हिवाळा हाच रस्ता, खाणीच्या ट्रकांनीही मानले.

जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू भारतात, मुख्यतः सुरतेत पाडले जातात आणि त्यांची मोठी उलाढाल मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरे बाजारातून होते. कॅनडाचा कच्चा मालही या वाटेने येतो. आपल्याकडच्या अंगठीतला एखादा खडा या नदीच्या उगमाखालून निघालेला असू शकतो.

वाट पाहणारी माणसे

लाक द ग्रा हा बॅथर्स्ट नावाच्या कॅरिबू कळपाच्या वाटेवर आहे. शेजारच्या तलावाला जोडणाऱ्या अरुंद चिंचोळ्या जागेवरून हे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या पाणी ओलांडत आले. १९८६ मध्ये या कळपात सुमारे ४ लाख ७० हजार प्राणी होते. २०१८ च्या गणतीत सुमारे ८,२०० उरले. कारणांवर एकमत नाही. कळपांची संख्या नैसर्गिकरीत्या वर-खाली होते, हवामान बदलले आहे, शिकार झाली आहे, खाणी आणि रस्ते आले आहेत. सगळा दोष हिऱ्यांवर टाकणे सोपे आहे, पण प्रामाणिक नाही. मात्र एवढी घसरण झाल्यावर त्या वाटेवर आणखी काय ठेवायचे, हा प्रश्न टाळता येत नाही. डायविकचे उत्पादन २०२६ मध्ये थांबेल, असे तिच्या मालक कंपनीने जाहीर केले. खाणीचे आयुष्य पंचवीस वर्षांच्या आत संपते. कळप सावरला, तरी त्याला त्याहून बराच जास्त काळ लागेल.

शिकारीवर कडक निर्बंध आल्यावर त्लिचो लोकांनी एक काम हाती घेतले. २०१६ पासून त्यांची वडीलधारी माणसे आणि शिकारी उन्हाळ्यात लाक द ग्राच्या उत्तरेकडील कॉन्टवॉइटो तलावापाशी मुक्काम करतात. शिकारीसाठी नव्हे. ते कॅरिबू येण्याची वाट पाहतात, चालत मागे जातात आणि प्राणी काय खातात, कशाने थबकतात, माद्यांबरोबर पिल्ले किती आहेत, माशा किती त्रास देतात, लांडगे कुठे आहेत याची रोज नोंद ठेवतात. ही नोंद विमानातून केलेल्या मोजणीच्या बरोबरीने कळपाविषयीच्या निर्णयांत वापरली जाते. अकाइचोने फ्रँकलिनला तोंडी सांगितले, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. ते आता कागदावर येते आहे आणि ज्यांचे आहे तेच ते लिहीत आहेत.

नदीमुखावरही काही बदलले. १ जानेवारी १९९६ ला तिथल्या गावाने कॉपरमाइन हे नाव सोडून कुग्लुक्तुक हे नाव घेतले. त्याच वर्षी डेने आणि इनुइट प्रतिनिधींनी एकत्र येऊन जुने वैर मिटवण्यासाठी समारंभ केला. दोन्हीकडच्या पिढ्यांनी हर्नच्या पुस्तकातून आणि आजी-आजोबांकडून ऐकलेली ती रात्र सव्वादोनशे वर्षे मागे पडली होती.

नदीचे इंग्रजी नाव अजून तेच आहे. तांबे कधी फारसे निघाले नाही, तरी नकाशात ती तांब्याच्या खाणीची नदी. मासे मात्र दर उन्हाळ्यात खळाळावर चढतात आणि कुग्लुक्तुकची माणसे तिथे जाळी आणि गळ घेऊन जातात.